टँकरच्या आधी आलेले दोघे

एकवीस किलोमीटर धावायला मिळावं म्हणून आधी सत्तर किलोमीटर मोटारीने जाणाऱ्या माणसांविषयी लोक काय बोलतात, ते मी सगळं ऐकलेलं आहे. बरंचसं घरातच ऐकलेलं आहे. तरीही पिशोरच्या खोऱ्यातला तो रस्ता ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहायला बसलो आहे, कारण त्या रस्त्यावर मी आयुष्यातली सगळ्यात लांब सकाळ काढली आणि सुखरूप परत आलो.

आमच्या शहरात पन्नाशीच्या आसपासच्या पंधरावीस जणांचा एक धावणारा कंपू आहे. आम्ही वेगवान नाही. पण दर फेब्रुवारीत कन्नडच्या बाजूने डोंगर उतरून खोऱ्यातून पिशोरला पोचायचं, तिथे भाकरी खायची आणि परत यायचं, हा आमचा अनेक वर्षांचा नेम. त्या वर्षी तो मोडला. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. आखणीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, ज्या गावांत प्यायला पाणी नाही तिथून आपण बाटल्या डोक्यावर ओतत जाणार का? बेत तिथेच रद्द झाला. मी एरवी भूकंपावरही दोन विनोद करणारा माणूस, पण त्या दिवशी मीही रद्दच्या बाजूने हात वर केला.

बैठक संपल्यावर जिन्यात साळवेने मला धरलं.

साळवे म्हणजे साळवे सर. एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की आता सावकाश धावायला हरकत नाही. डॉक्टरांची हरकत संपली आणि साळवेची सुरू झाली. तो गच्चीवर चालायचा, तेही कठड्याला धरून. वर्गात नकाशावर गोदावरी दाखवता दाखवता थांबायचा आणि दोन बोटं मनगटावर ठेवून नाडी मोजायचा. मागच्या बाकावरची मुलं त्याची नक्कल करायला लागली होती आणि ते त्याला ठाऊक होतं.

"पाठक, मला ते खोरं एकदा पळून बघायचंय," तो म्हणाला. "पळता आलं तर आलं. नाही आलं तर बूट कुणाला तरी देऊन टाकीन आणि परत या विषयावर बोलणार नाही. पण हे असं मधल्या मध्ये नाही राहवत रे."

"आणि सुनंदावहिनी?"

"तिला तू विचार."

सुनंदावहिनी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत. साळवेला स्ट्रेचरवरून आत आणलं तेव्हा दारात ड्युटीवर त्याच होत्या. त्यांना विचारण्याआधी मी घरी आरशासमोर तालीम केली. हौशी नाटकांत मी पंचवीस वर्षं दिवाण, वकील आणि दुसऱ्या अंकात मरणारा सासरा केलेला आहे, त्यामुळे भाषण उत्तम बसलं होतं. त्यांनी पहिल्या वाक्यालाच हात वर केला आणि अटी सांगितल्या. त्या स्वतः आम्हाला गाडीने वर सोडणार आणि पिशोरला पुढे जाऊन थांबणार. दर चार किलोमीटरला फोन. घड्याळात नाडी एकशेतीसच्या वर गेली की चालायचं. आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी पाठकभाऊजींच्या खिशात.

"त्यांच्या खिशात का नाही?" मी विचारलं.

"ते स्वतः कधी मागणार नाहीत. तुम्ही घाबरट आहात, वेळेवर द्याल."

इतकी नेमकी समीक्षा माझ्या कुठल्याच भूमिकेची झाली नव्हती.

शहागंज, शनिवार दुपार

निघण्याआधी शहागंजात खजूर घ्यायला थांबलो. धावताना मी दुसरं काही खात नाही. माझ्या नेहमीच्या दुकानातले पांढऱ्या दाढीचे चाचा साळवेकडे बघून म्हणाले, "क्या हुआ सर, मूँ ऐसा कायकू उतरा?"

"कल दौडना है, चाचा. इक्कीस किलोमीटर."

"हौ? खजूर खाके दौडते?" चाचांनी तराजूत आणखी मूठभर टाकले. "देखो सर, ये ऊँट का खाना है. ऊँट कब्बी दौडता नै."

"दौडता है, चाचा," मी म्हणालो. "मैंने देखा है."

"दौडता. मगर अपनी मर्जी से. तुमारे दोस्त को कौन भगा रा?"

साळवे आठवड्यात पहिल्यांदा हसला. "कोई नै, चाचा. अपनीच मर्जी."

"तो फिर होता सर, होता," चाचा म्हणाले आणि पुडी बांधली.

हर्सूलच्या पुढे शहर संपतं, असं मी वीस वर्षं सांगत आलो आहे. आता ते सांगणं बंद करायला हवं. एके काळी आम्ही पहाटे हर्सूलपर्यंत धावलो की दोन्ही बाजूंना बाजरी लागायची. आता दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या कमानी होत्या आणि कमानींच्या मागे काहीच नव्हतं. नुसत्या चुन्याच्या रेघा, मधोमध एक वाळलेलं नारळाचं रोप आणि फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव. त्या फलकापासून हाकेच्या अंतरावरचा खराखुरा हर्सूलचा तलाव तळ उघडा टाकून पडला होता. त्यात पोरं क्रिकेट खेळत होती. वहिनी गाडी चालवत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या सोसायटीत आता सात दिवसांनी पाणी येतं, आणि यांच्या फलकावर पोहायला आहे."

पिशोर, शनिवार संध्याकाळ

पिशोरला साळवेची आतेबहीण बेबीताई असते. अंगणात निळा झेंडा, दारात शेळी आणि ओट्यावर स्वतः बेबीताई, कमरेवर हात देऊन.

"जय भीम दादा. जय भीम वहिनी. हे कोण, पाहुणे?"

"हे पाठक. माझ्याबरोबर पळणार आहेत."

बेबीताईंनी माझ्या पोटाकडे एकदा सावकाश बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या.

हात धुवायला उठलो तेव्हा त्यांनी समोर घमेलं सरकवलं. "मोरीत नका धुऊ भाऊ, ह्याच्यात धुवा. शेळी पिते ते." मी हात धुतले आणि शेळीने माझ्यासमोर ते पाणी संपवलं. आमच्या घरी पाहुण्याला भरून पेला द्यायचा आणि त्याने अर्धा ठेवायचा, ही सभ्यता. इथे बेबीताई तांब्या हातात धरून विचारत होत्या, "अर्धा देऊ का पूर्ण?" विचारण्यात कसलाही कंजूषपणा नव्हता. पूर्ण म्हणालात तर पूर्ण मिळत होता, फक्त तो संपवायचा. मी सवयीने घोटभर उरवला. बेबीताईंनी पेला उचलून परत माझ्या हातात दिला आणि मी तो प्यायलो.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, आमटी आणि लसणाचा ठेचा. शहरात येसर म्हणून जे मिळतं त्याला मी आता दुसरं काहीतरी नाव देणार आहे. चौथी भाकरी मोडताना मी उद्याचा बेत सांगितला. बेबीताईंनी तो नीट ऐकून घेतला आणि एकच उपयोगाची गोष्ट सांगितली: खोऱ्यात फोन लागत नाही, फक्त मधल्या पुलावर लागतो.

"पूल बारा किलोमीटरवर आहे," साळवे म्हणाला. भूगोलाचा माणूस. "तिसरा फोन बरोबर तिथूनच येतो."

"आला नाही तर मी निघाले," वहिनी म्हणाल्या. "मला कारणं नकोत."

खोरं, रविवार सकाळ

साडेसहाला वहिनींनी आम्हाला डोंगरावर सोडलं. त्यांनी साळवेच्या मफलरची गाठ सोडून परत बांधली आणि गाडी वळवून मोठ्या रस्त्याने गेल्या. आम्ही दोघं आणि तो उताराचा रस्ता.

पहिले नऊ किलोमीटर रस्ता वळत वळत खाली उतरतो. दोन्ही बाजूंना सपाट माथ्याचे डोंगर, मोठ्या वाड्यांचे चौथरे उरावेत तसे. साग पानं टाकून उभे होते. सीताफळीची झुडपं इतकी वाळली होती की वारा आला की ती खडखडत. हिरवं जवळपास काही नव्हतंच. पण पळस मात्र दुष्काळाचं कुणी कळवलंच नसल्यासारखा भगव्या फुलांनी भरून आलेला. एका वळणावर वानरांचा कळप रस्त्यातच बसला होता. त्यांनी आमच्यासाठी वाट केली नाही, आम्ही कडेने गेलो. खोऱ्यात कुठेही आवाज नव्हता. आपल्याच बुटांचा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत येतो, इतकी शांतता मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

त्या शांततेत साळवे दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "एकशे अठरा. एकशे वीस. पाठक, एकशे चोवीस."

"समोर बघ. मोर आहे."

"एकशे सव्वीस."

"त्या मोराची किती असेल रे?"

तो हसला नाही. आपल्याच छातीत कुणीतरी झोपलंय आणि ते जागं होऊ नये, असा धावत होता. पावलं अलगद, खांदे कानापर्यंत. माझ्या खिशातली गोळ्यांची डबी प्रत्येक पावलाला खुळखुळत होती आणि त्या आवाजाने आम्ही दोघंही दचकत होतो. शेवटी मी ती रुमालात गुंडाळली. चौथ्या आणि आठव्या किलोमीटरला अजून डोंगराच्या अंगावर होतो, फोन लागले. "ठीक आहे," साळवेने दोन्ही वेळा सांगितलं. दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर म्हणाला, "छातीत जरा जड वाटतंय का मला?" हा प्रश्न तो मला विचारत होता.

दहाव्या किलोमीटरला तळ लागला. खोरं तिथे रुंद होतं. कापूस कधीच संपला होता, पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या. एका ठिकाणी मोसंबीची अख्खी बाग तोडून खोडं ओळीने पाडलेली होती. साळवेने ती बघितली आणि नाडी सांगायची एक पाळी चुकवली.

अकराव्या किलोमीटरला पंचवीसतीस घरांची वस्ती आहे. रस्त्याच्या कडेला एका ओट्यावर एक बाई ज्वारी निवडत बसली होती. तिने आम्हाला धावत येताना बघितलं, सूप खाली ठेवलं आणि उठून आत ओरडली. क्षणात पलीकडच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या, मग चार, मग सायकलला ड्रम बांधलेला एक गडी, मग पोरं, मग म्हाताऱ्या. सगळे आमच्या दिशेने धावत आले आणि आमच्याबरोबरच धावायला लागले.

आता माझी बाजूही समजून घ्या. पंचवीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या माणसामागे पहिल्यांदाच अख्खं गाव लोटलं होतं. मी उजवा हात वर केला. मग दोन्ही हात जोडून डावीउजवीकडे नमस्कार करत धावू लागलो. एका पोराला तर गाल थोपटून, "खूप शिका," असंही म्हणालो. त्याच्या डोक्यावर कळशी होती हे माझ्या लक्षात उशिरा आलं. मग लक्षात आलं की सगळ्यांकडेच कळश्या होत्या.

हिरव्या लुगड्यातली एक वाकलेली आजी, हंडा काखेत दाबून, माझ्या बरोबरीने धावत होती. म्हणजे मी तिच्या बरोबरीने धावण्याचा प्रयत्न करत होतो.

"कुठं थांबलाय?" तिने विचारलं.

"कोण?"

"टँकर. आन् कोण?"

"टँकर? आम्हाला काय माहीत, आजी."

"मंग पळायलात कामून?"

"आम्ही नुसतं पळतोय."

आजी थांबली. ती थांबली तसे सगळे थांबले. "नुसतं?" ती म्हणाली. "कोणी मागं लागलंय?"

"नाही."

"म्होरं काय हाय?"

"पिशोर."

"मंग मोटार नाय भेटली का?"

मग उलगडा झाला. त्या वस्तीत टँकर येऊन वळणावरच्या, आम्ही थांबलो होतो त्याच विहिरीत रिकामा होतो. मग ज्याने त्याने दोर टाकून शेंदायचं. आधी पोचेल त्याला निवळ पाणी आणि शेवटच्याला गाळ. टँकर सकाळी सातला येतो किंवा दुपारी बाराला, कुणी सांगू शकत नाही. म्हणून त्या वर्षी तिथे एकच नियम होता: रस्त्याने कुणी पळताना दिसलं की विचारत बसायचं नाही, हंडा उचलायचा.

"च्यायला, सुपातली ज्वारी कोंबड्यायनी खाल्ली असंल आता," मघाची बाई म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती. "आन् हे नमस्कार घालायलेत."

लोक हसले. मीही हसलो, कारण पळून जायची ताकद नव्हती. आजीने विहिरीच्या कठड्यापाशी हंडा ठेवला. "आता आलोच हाय तर बसू. आन् तुमी बी बसा. तुमच्यामुळंच आलो."

आम्ही निमूट बसलो. साळवेने घड्याळ बघितलं, मग मनगट. "पुलावरून फोन करायचाय," तो मला हळूच म्हणाला. पूल किलोमीटरभर पुढे होता. उठणार एवढ्यात डोंगराच्या बाजूने घरघर ऐकू आली.

टँकर खरंच आला. आणि त्या वस्तीच्या इतिहासात पहिल्यांदा वस्ती त्याच्या आधी येऊन बसली होती.

त्यामुळे भलतंच झालं. रोज माणसं मागेपुढे पोचतात, आपोआप रांग लागते. आज सगळे एकदमच आलेले. पाणी विहिरीत पडायला लागलं तसा कठड्यावर एकच लोंढा झाला. दोर दोरांत अडकले, एक कळशी आत गेली, आजी कोपर खाऊन मागे फेकली गेली. माझ्या शेजारी बसलेला माणूस उठला आणि त्याने असा आवाज काढला, जो मी आठ महिन्यांत ऐकला नव्हता.

"एक लाईन. उंचीप्रमाणे. लहान पुढे."

शाळेच्या मैदानावरची ती गर्जना. माणसं दचकली आणि, काय सांगू, उंचीप्रमाणे उभी राहायला लागली. चाळिशीचे गडी पाठीला पाठ लावून कोण उंच ते बघायला लागले. उंचीप्रमाणे पाणी वाटायचं ही कल्पना भूगोलाच्या मास्तरालाच सुचू शकते. कवायतीखेरीज त्याला रांग माहीतच नाही. पण झालं असं की सगळ्यात आधी पोरं आली, आणि त्यांच्याही आधी कमरेत वाकलेली आजी. त्यावर कुणाला काही म्हणता येईना.

"अन् तू उंच कामून झाला रे," सायकलवाल्याला मागून कुणीतरी म्हणालं. "जा शेवटला."

आजीला दोर ओढवत नव्हता. साळवेने तो तिच्या हातातून घेतला, कठड्याला पाय लावला आणि बादली वर काढली. मग दुसरी. मग पुढच्या पोरासाठी. मग तो थांबेचना.

मी मात्र गारठलो. डबी रुमालातून सोडवून हातात घेतली आणि त्याच्याभोवती घिरट्या घालायला लागलो. त्याचं मनगट माझ्या डोळ्यांसमोरून वरखाली जात होतं. त्यावर आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस.

"साळवे, घड्याळ बघ."

"पाठक, बाजूला हो. तू लाईनीत नाहीस."

"अरे, एकशे अठ्ठेचाळीस."

"पाय काढ दोरावरनं."

घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. खांदे खाली आले होते. तो एका मुलीला ओरडत होता की हंडा तिरपा धर, सांडतंय. एवढी बडबड करणाऱ्या माणसाच्या जिभेखाली गोळी कशी ठेवणार? मी डबीचं झाकण उघडत होतो आणि लावत होतो. फोनची आठवण मला झाली तेव्हा पूल गाठायची वेळ टळून अर्धा तास झाला होता.

पिशोरकडून धुरळा आला. गाडी विहिरीपाशी थांबली, दार उघडंच राहिलं आणि वहिनी उतरल्या. त्यांनी आधी मला बघितलं, हातात उघडी डबी. तो एक क्षण त्यांना कसा गेला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून कधीच जाणार नाही. मग त्यांना कठड्यावरचा साळवे दिसला.

त्या चालत गेल्या. धावल्या नाहीत. त्याच्या हातातला दोर त्यांनी काढून घेऊन माझ्याकडे दिला, त्याचं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागल्या. पूर्ण एक मिनिट. रांगेतलं कुणी हललं नाही.

"किती आहे?" साळवेने विचारलं.

"गप बसा."

मिनिट संपलं तरी त्यांनी हात सोडला नाही. साळवे आता जरा अपराधी चेहऱ्याने उभा होता. "सुनंदा, फोन राहिला. म्हणजे टँकर आला, मग लाईन..."

"दुखतंय का कुठं?"

तो विचार करायला लागला. मनापासून, प्रश्नपत्रिकेतला प्रश्न असावा तसा. "नाही," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं. "मी बघितलंच नाही की."

वहिनींनी मान वळवून दोनदा डोळे पुसले. मग माझ्याकडे आल्या. "डबी द्या इकडं, भाऊजी. गोळी दिली नाहीत ना?"

"तो घेईना."

"बरं झालं. दुखत नसताना दिली की माणूस उगाच आडवा होतो." डबी त्यांनी पर्समध्ये टाकली. आजी आपला भरलेला हंडा घेऊन तिथेच उभी होती. तिने वहिनींना न्याहाळलं आणि विचारलं, "मालक का तुमचे?"

"व्हय."

"चांगले हायती. पर नुसतं पळतेत म्हने."

"काय करू, मावशी," वहिनी म्हणाल्या.

सगळी रांग संपायला अजून वीस मिनिटं लागली. उरलेली निम्मी मी ओढली हे इथे नोंदवून ठेवतो. शेवटचा उंच सायकलवाला भरून झाला तेव्हा वहिनींनी गाडीचं मागचं दार उघडलं. "चला, बसा दोघं."

साळवेने बूट बघितले, मग रस्ता. "दहा किलोमीटर राहिलेत, सुनंदा."

त्यांनी एकदा त्याच्या मनगटाकडे बघितलं. मग मागचं दार त्यांनीच बंद केलं. "मग जा की. ऊन व्हायलंय."

आम्ही निघालो. गाडी मागे होती, माणसाच्या वेगाने, दिवे लावून. पूल आला, कुणी फोन काढला नाही. पूल मागे पडला, तरी गाडी मागेच. मी वळून बघितलं की वहिनी काचेतून साळवेच्या पाठीकडे बघत असायच्या. तेरावा किलोमीटर गेला, चौदावा गेला. मग हॉर्न वाजला नाही, काही नाही, गाडी हळूच बाजूने पुढे आली. वहिनींनी आमच्याकडे बघितलंही नाही. वेग वाढवला आणि त्या पुढे निघून गेल्या. समोरच्या आरशात बघत असतील तर असतील. वळणावर गाडी दिसेनाशी झाली आणि तिचा आवाजही खोऱ्यात विरला.

साळवे धावायचा थांबला. माझा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

"काय झालं?"

"गेली ना ती?"

"गेली."

"नक्की?"

"आवाजसुद्धा नाही. काय होतंय तुला?"

तो रस्त्याकडेच्या पळसाखाली धपकन बसला आणि दोन्ही पाय पुढे लांब केले. "पोटऱ्या गेल्या रे माझ्या. तासभर दोर ओढलाय. आणि हे डाव्या टाचेला बघ, फोड आलाय. तिच्यासमोर कसं बोलणार, लगेच बसा म्हणाली असती." त्याने बूट काढला. मग मांडीबद्दल सांगितलं, मग उजव्या गुडघ्याबद्दल, तपशीलवार, मध्ये मध्ये कण्हत.

मी त्याच्याशेजारी बसून खजुराची पुडी उघडली आणि छातीचं नावही नसलेल्या त्या गाऱ्हाण्यातला एकही शब्द न अडवता ऐकत राहिलो.